४,५०० पाउंडांची जुनी एमजीबी आणि १३,००० पाउंडांचं स्वप्न : चला, हिशेब मांडून बघू



या आठवड्याच्या व्हिडिओत एका जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचा हिशेब फळ्यावर मांडला होता. पंधरा मिनिटांत सगळं बसलं नाही. शिवाय बऱ्याच जणांनी कळवलं की आकडे लिहून द्या, म्हणून हा लेख. वही-पेन घेऊनच वाचा.

विषय आला एका मेलमधून. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळ राहणारा आपला एक मराठी प्रेक्षक. कारखान्यात मेंटेनन्स इलेक्ट्रिशियन आहे, वय चाळिशीचं, दोन मुलं. नऊ वर्षांत पै-पै करून १८,००० पाउंड बाजूला टाकलेत. त्याने लिहिलं होतं, "सर, नोकरी सोडायचा विचार आहे. इथे १९७२ ची एमजीबी रोडस्टर ४,५०० ला मिळतेय, थोडं काम आहे. तयार गाड्या १३,००० ला विकायला लावल्यात. पार्टला ३,००० धरले तरी एका गाडीमागे ५,५०० सुटतात. वर्षाला चार गाड्या केल्या तर २२,०००. बायको म्हणते आधी सरांना विचार."

वहिनींचे आभार. कारण हा हिशेब दिसायला अगदी बरोबर आहे, आणि त्यातच त्याचा धोका आहे.

आधी गाडीची ओळख करून घेऊ. एमजी म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर हेक्टर येणार. ते नाव मूळचं ऑक्सफर्डच्या मॉरिस गॅरेजेसचं. आज ते चीनच्या साईक कंपनीकडे आहे. जुन्या एमजीतली सगळ्यात जास्त खपलेली स्पोर्ट्स कार म्हणजे एमजीबी. १९६२ साली आली, ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९८० पर्यंत बनत राहिली. १,७९८ सीसीचं चार सिलिंडरचं साधं इंजिन, दोन एसयू कार्बोरेटर, वर उघडणारा कापडी टप. १९६५ मध्ये पक्क्या छताची जीटी आली. दोन्ही मिळून पाच लाखांच्या वर गाड्या निघाल्या आणि त्यातल्या बहुतेक अमेरिकेला गेल्या.

हा पाच लाखांचा आकडा वहीत गोल करून ठेवा. या गाडीचं सगळं अर्थकारण त्याच्यावर उभं आहे.

गाड्या भरपूर, म्हणून सुटे भाग भरपूर. साठ वर्षांपूर्वीच्या गाडीचा जवळजवळ प्रत्येक नट-बोल्ट आज नवा मिळतो. इतकंच काय, ब्रिटिश मोटर हेरिटेज ही संस्था १९८८ पासून एमजीबीची अख्खी कोरी बॉडी बनवून विकते, मूळच्या डाय वापरून. (त्याच बॉडीवरून पुढे रोव्हरने १९९३ मध्ये आरव्ही८ नावाची गाडी काढली. सुमारे २,००० बनल्या आणि बहुतेक जपानला गेल्या. कुठला माल कुठे खपेल, सांगता येत नाही!) पण गाड्या भरपूर म्हणजे गिऱ्हाइकाला पर्यायही भरपूर. तुमची गाडी १४,००० ची असेल आणि शेजारच्या गावात तशीच १२,००० ला असेल, तर तो तिकडे जाणार. भाव एका पातळीच्या वर सरकतच नाही.

जग्वार ई-टाईपचं उदाहरण घ्या. १९६१ मध्ये ती साधारण २,१०० पाउंडांना मिळायची. आज पहिल्या सिरीजची चांगली रोडस्टर लाखभर पाउंडांत किंवा त्याच्याही वर जाते. ती एकूण बनली ७२,००० च्या आसपास. एमजीबी १९६२ मध्ये कर धरून ९५० पाउंडांच्या घरात होती. महागाईच्या हिशेबाने ते ९५० आज १५,००० च्या पुढे जातात. आणि नीटनेटकी रोडस्टर मिळते दहा ते पंधरा हजारांत. म्हणजे साठ वर्षं सांभाळून पैसा जागच्या जागी, तोही मधला खर्च सोडून. लोक ई-टाईपच्या बातम्या वाचतात आणि एमजीबी विकत घेतात, तिथे गल्लत होते.

आता भावाची उतरंड. मी जे आकडे देतोय ते ब्रिटनमधल्या जाहिरातींवरून काढलेले गोल आकडे आहेत. जाहिरातीतला भाव म्हणजे मागितलेला भाव, मिळालेला नव्हे, हेही ध्यानात ठेवा. काळे रबरी बंपर असलेली चालती रोडस्टर पाच ते आठ हजार. क्रोम बंपरची नऊ ते चौदा हजार. जीटी त्याच दर्जाच्या रोडस्टरपेक्षा स्वस्त. फक्त १९७३ ते १९७६ मध्ये बनलेली व्ही८ इंजिनची जीटी मात्र पंधरा हजारांच्या वर, कारण ती २,५९१ च बनली.

रबर आणि क्रोममध्ये एवढा फरक का? अमेरिकेने टकरीचे नियम कडक केले, तेव्हा १९७४ च्या अखेरीस कंपनीने मोठे काळे बंपर लावले आणि बंपर-दिव्यांची उंची जुळावी म्हणून गाडी थोडी वर उचलली. वळणावर ती जास्त झुकू लागली. पुढे कंपनीने त्यात सुधारणा केली, पण गिऱ्हाइकाच्या डोक्यात बसलेलं नाव पुसलं गेलं नाही. पन्नास वर्षं झाली, तरी तोच डाग भावात दिसतो. काही जण रबरी गाडीला क्रोम बंपर लावून घेतात. दिसायला छान दिसते, पण विकताना तो खर्च पुरा वसूल होत नाही. जाणकार गिऱ्हाईक आधी गाडीचा नंबर बघतो.

खरा खर्च दाराखाली लपलेला असतो

आता मूळ मुद्द्यावर या. "थोडं काम आहे" या तीन शब्दांचा भाव किती?

एमजीबीला वेगळी चेसिस नाही. पत्र्याची बॉडी हीच तिची हाडं. दोन्ही बाजूंना दाराच्या खाली जो आडवा भाग असतो त्याला तिकडे सिल म्हणतात. तो एकावर एक पत्रे जोडून केलेल्या पेटीसारखा असतो. रोडस्टरला छत नाही, त्यामुळे सगळा भार या दोन पेट्यांवर. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. ते पाण्याबरोबर या पेटीत शिरतं आणि आतून पत्रा खात राहतं. बाहेरून रंग चकाचक, आत चाळण.

नीट दुरुस्ती करायची तर पुढच्या मडगार्डचा खालचा भाग कापावा लागतो, कारण सिल त्याच्या आत शिरलेली असते. आतले पत्रेही बदलावे लागतात. हे काम महाग. म्हणून गेली चाळीस वर्षं काही लोक शॉर्टकट मारतात: सडलेल्या सिलवर वरून नवा पत्रा चिकटवतात, पुट्टी भरतात, रंग मारतात. तशी गाडी तुम्ही ४,५०० ला घेतली की मागच्या मालकाने वाचवलेले पैसे तुम्ही भरता.

ओळखायचं कसं? एक लहान चुंबक पातळ फडक्यात गुंडाळून सिलवर फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे पुट्टी. दार आणि बॉडी यांच्यातली फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का बघा. मग मालकाला विचारून गाडी जॅकवर उचलायला लावा आणि दार उघडून बंद करा. दार अडकलं किंवा फट बदलली तर समजा की हाडं गेली. तिथून चहा पिऊन परत यायचं. भाव करत बसायचं नाही.

आपल्या मित्राने पाठवलेले फोटो मी बघितले. दाराची फट खाली बोटभर, वर जेमतेम नखाएवढी. फोटोवरून निदान करू नये, पण एवढं दिसत होतं.

तर आता वहीत लिहा. काम बाहेरून करून घेतलं तर असं गणित येतं. वेल्डरचा तासाचा दर ६० पाउंड धरू. दोन्ही सिल आणि आजूबाजूचे पत्रे मिळून ५० तास, म्हणजे ३,०००. रंगकाम, जे १३,००० च्या गाडीला शोभेल असं, ५,०००. इंजिन उघडून भरणं २,५००. सीट, गालिचा, कापडी टप १,५००. ब्रेक, सस्पेन्शन, टायर, वायरिंग १,५००. बेरीज १३,५००. त्यात गाडीचे ४,५०० मिळवा. झाले १८,०००.

म्हणजे त्याची सगळी पुंजी. आणि हातात येणार १३,०००, तेही भाव पुरा मिळाला तर. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला, आणि गिऱ्हाईक मसाल्याचे पैसे देत नाही.

"पण सर, मी स्वतः काम करेन!" हे मला माहीत होतं. करा. मग पार्ट, पत्रे, रंगाचं सामान, बाहेर द्यावी लागणारी थोडी कामं मिळून ६,५०० धरू. गाडीसह ११,०००. वर्षभर गॅरेजचं भाडं महिना १०० प्रमाणे १,२००. उरले ८००. नोकरी सांभाळून शनिवार-रविवार करणाऱ्या माणसाला अशा गाडीला ५०० तास सहज लागतात. ८०० भागिले ५००, म्हणजे तासाला १ पाउंड ६० पेन्स. ब्रिटनमध्ये २१ वर्षांवरच्या कामगाराचं किमान वेतन एप्रिल २०२५ मध्ये तासाला १२.२१ पाउंड होतं. वर्षाला चार गाड्या म्हणजे २,००० तास. झोप कधी घेणार?

छंदाला असलेली सवलत धंद्याला नसते

हा भाग व्हिडिओत घाईत गेला होता, म्हणून इथे सविस्तर.

ब्रिटनमध्ये ४० वर्षं झालेल्या गाडीला हिस्टॉरिक वर्गात नोंदवता येतं. मग रोड टॅक्स शून्य, आणि गाडीत मोठे बदल केलेले नसतील तर दरवर्षीची एमओटी तपासणीही सक्तीची नाही. लंडनच्या यूलेझमध्ये इतर जुन्या गाड्यांना दिवसाला १२.५० पाउंड पडतात, या गाडीला तेही माफ. गाडी विकून फायदा झाला तर कॅपिटल गेन्स टॅक्स नाही. हे सगळं ऐकून लोक म्हणतात, वा, ही तर करमुक्त गुंतवणूक!

ही मुभा हौसेने गाडी बाळगणाऱ्यासाठी आहे. विकण्यासाठीच गाडी घेतली, दुरुस्त केली, पुन्हा दुसरी घेतली, की तो व्यापार झाला. वर्षाला १,००० पाउंडांपर्यंतच्या व्यापारी उत्पन्नाला सूट आहे, आणि ती मर्यादा विक्रीवर मोजतात, नफ्यावर नाही. एक गाडी विकली की ती ओलांडली. मग नोंदणी, हिशेब आणि नफ्यावर इन्कम टॅक्स. विमाही वेगळा घ्यावा लागतो, हौशी पॉलिसी चालत नाही.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे २०१५ चा ग्राहक हक्क कायदा. खासगी माणसाने जुनी गाडी विकली तर "बघून घ्या, आहे तशी घ्या" हे बरंचसं चालतं. व्यापाऱ्याला ते चालत नाही. विकतानाच असलेला दोष निघाला तर पहिल्या ३० दिवसांत गिऱ्हाईक गाडी परत करून पूर्ण पैसे मागू शकतो. सहा महिन्यांत दोष निघाला तर तो आधीपासून नव्हता हे व्यापाऱ्याने सिद्ध करायचं. पन्नास वर्षांच्या गाडीत सहा महिन्यांत काही निघणार नाही, असं छातीठोक कोण सांगेल? म्हणून तिथले मुरलेले डीलर अशा परत येणाऱ्या कामासाठी प्रत्येक गाडीमागे रक्कम बाजूला ठेवतात. आपल्या मित्राच्या ५,५०० च्या नफ्यात ती ओळच नव्हती.

नुसती बाळगायची असेल तर

काही जणांना धंदा नको, फक्त गाडी हवी असते. आपले कितीतरी मराठी लोक लंडन, लेस्टर, मँचेस्टरला आहेत, त्यांच्यासाठी हे.

ही गाडी बाळगायला खरं तर स्वस्त आहे. वर्षाला १,५०० मैलच चालवणार असाल तर क्लासिक विमा १५० पाउंडांच्या आसपास मिळतो. फक्त पॉलिसीत गाडीची ठरलेली किंमत लिहून घ्या, नाहीतर अपघातानंतर कंपनी म्हणेल, जुन्या गाडीची किंमत किती असणार! पेट्रोलला अंदाजे ४०० पाउंड. ती लिटरला नऊ-दहा किलोमीटर देते. २०२१ पासून तिकडच्या साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते जुन्या रबरी नळ्यांना मानवत नाही. म्हणून महागडं सुपर पेट्रोल घालावं लागतं. सर्व्हिसिंग आणि किरकोळ पार्ट ६०० धरा. पुढच्या चाकांच्या किंगपिनला दर ३,००० मैलांना ग्रीस मारायचं असतं. पंधरा मिनिटांचं काम, पण आळस केला तर किंगपिन बदलायचं बिल येतं. एमओटी सक्तीची नसली तरी मी म्हणेन करून घ्या. जास्तीत जास्त फी ५४.८५ पाउंड, आणि त्यात कुणीतरी तिऱ्हाईत माणूस गाडीच्या खाली बघतो. विकताना ते कागद उपयोगी पडतात.

आणि गॅरेजचं भाडं १,२००. बेरीज केली तर वर्षाला साधारण २,४०० होतात आणि त्यातला निम्मा खर्च नुसत्या उभ्या राहण्याचा! स्वतःचं गॅरेज असेल त्याला ही गाडी निम्म्यात पडते. म्हणून गाडी परवडते का हे विचारण्याआधी गाडी उभी कुठे राहणार ते विचारा. याशिवाय १३,००० पाउंड गाडीत अडकले, त्यावर बँकेत चार टक्के मिळाले असते, ते ५२० वेगळे.

"पण भाव वाढेल ना?" वाढेलही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये क्लासिक गाड्यांचे भाव असेच चढले होते. लोकांनी कर्ज काढून गाड्या घेतल्या. १९९० नंतर बाजार कोसळला आणि कित्येकांना घेतलेल्या भावाच्या अर्ध्यातही गिऱ्हाईक मिळेना. शिवाय या गाडीवर जीव टाकणारी पिढी तरुणपणी तिच्या प्रेमात पडली होती, ती आता सत्तरीच्या पुढे आहे. त्यांची मुलं गाड्या विकायला काढतायत, आणि विकत घेणाऱ्या तरुणाला चोक म्हणजे काय हेही समजावून सांगावं लागतं. माझं मत विचाराल तर एमजीबीचा भाव फार पडणार नाही, पण चढेल या आशेवर एक पाउंडही लावू नका.

घ्यायचीच असेल तर परवडेल त्यातली सगळ्यात चांगली गाडी घ्या, मागच्या मालकाने खर्च करून ठेवलेली. बिलांची फाईल असेल तर तिच्यासाठी हजार पाउंड जास्त द्यायला हरकत नाही. गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून हेरिटेज सर्टिफिकेट मिळतं. त्यात गाडी कधी बनली, मूळ रंग कोणता, इंजिन नंबर काय, हे कारखान्याच्या नोंदीवरून लिहिलेलं असतं.

जाता जाता, भारतातल्या वाचकांसाठी. दोघा-तिघांनी विचारलं की अशी गाडी इकडे लग्नाच्या वरातीला भाड्याने देता येईल का. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपातली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. पहिली फी २०,००० रुपये, नोंदणी दहा वर्षांची, नंबरात 'व्हीए' अक्षरं. पण त्या नोंदणीवर गाडी धंद्यासाठी वापरता येत नाही, रोजच्या वापरालाही नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा कामांसाठीच रस्त्यावर आणायची. तेव्हा वरातीचा बिझनेस प्लॅन तिथेच थांबला.

मग त्या मित्राला मी काय सांगितलं?

या बाजारात पैसा कोण कमावतं ते बघा असं सांगितलं. गाडी घेऊन विकणारा हौशी माणूस कमावत नाही. सुटे भाग विकणारा कमावतो, गादीकाम करणारा कमावतो, कार्बोरेटर उघडून भरून देणारा कमावतो. त्यांचं भांडवल गाडीत अडकत नाही. भाव पडला तरी गाडी बिघडायची थांबत नाही.

आणि हा माणूस इलेक्ट्रिशियन! जुन्या ब्रिटिश गाड्यांमधली लुकास कंपनीची वायरिंग हा तिकडे विनोदाचा विषय आहे, तिच्या संस्थापकाला लोक गमतीने 'अंधाराचा राजपुत्र' म्हणतात. खरा दोष बऱ्याचदा पन्नास वर्षं जुन्या, गंजलेल्या जोडांचा आणि मध्ये कुणीतरी कशाही जोडलेल्या वायरींचा असतो. त्यात १९६७ पर्यंतच्या एमजीबीत पॉझिटिव्ह अर्थ असायचा, म्हणजे आजच्या गाडीच्या उलट. नव्या पिढीचा मेकॅनिक तिथे हात लावायला घाबरतो. मालक सत्तरीचा, डॅशबोर्डखाली वाकता येत नाही. असं गिऱ्हाईक पैशाला घासाघीस करत नाही, त्याला घरी येऊन शांतपणे काम करणारा माणूस हवा असतो.

खर्च काय? मल्टीमीटर आणि हत्यारं त्याच्याकडे आहेतच. कामाच्या विम्याचे पैसे आणि एमजी क्लबच्या स्थानिक मेळाव्याला जायचं पेट्रोल. शनिवारी एक काम, तासाला ४५ पाउंड. नोकरी तशीच. १,००० ची मर्यादा ओलांडली की नोंदणी करायची. सहा महिन्यांनी वही उघडून बघायची.

त्याने १९७२ ची गाडी घेतली नाही. मागच्या महिन्यात त्याचा पुन्हा मेल आला. सात कामं झाली आहेत. पहिलंच काम एका जीटीच्या ओव्हरड्राइव्हचं होतं. दुसऱ्या एका गॅरेजने गिअरबॉक्स काढावा लागेल म्हणून मोठा खर्च सांगितला होता. याने बघितलं तर स्विचपाशी वायर तुटलेली. दोन तास, ९० पाउंड. त्या आजोबांनी नाव पुढे सांगितलं आणि उरलेल्यांपैकी चार कामं तिथूनच आली. मेलच्या शेवटी त्याने विचारलंय की आता तासाचा दर ४५ वरून ५५ करू का. मी त्याला आधी उलट विचारलंय : सातपैकी किती जणांनी दर ऐकून नाही म्हटलं? उत्तर आलं की पुढच्या व्हिडिओत किंमत ठरवण्याचा विषय घेऊ.